बिऱ्हाडाबरोबर निघालेली बिऱ्हाडे

घर बदलण्याच्या दिवशी, वर्षानुवर्षे भिंतीला टेकून उभे असलेले लाकडी कपाट पहिल्यांदा पुढे ओढले जाते, तेव्हा त्याच्या पाठीमागे भिंतीच्या मूळ रंगाचा एक चौकोन उघडा पडतो आणि त्याच्या तळाशी धूळ, गंजलेली टाचणी, एखादे नाणे, पालीच्या अंड्यांची पांढरी टरफले आणि झुरळांच्या रिकाम्या, तपकिरी अंडपेट्या विखुरलेल्या दिसतात. अंडपेटी म्हणजे झुरळाच्या मादीची अंडी ज्यात दोन ओळींत रचलेली असतात ते कडक कवच. मोठ्या झुरळाची अंडपेटी राजम्याच्या दाण्याहून लहानच असते. रोज केर काढणाऱ्या, सणासुदीला जाळी-जळमटे झाडणाऱ्या घरालाही ही वस्ती ठाऊक नसते, कारण झाडूचा हात कपाटाच्या पायापर्यंत पोहोचून तिथूनच मागे वळतो. दृष्टीआड सृष्टी असते, असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. ती सृष्टी किती बारकाईने वसलेली होती, याचा अंदाज मात्र घर सोडतानाच येतो.

पुण्या-मुंबईसारख्या शहरांत हा प्रसंग काही पिढ्यांतून एकदा येणारा राहिलेला नाही. भाड्याच्या घरांचे लीव्ह-अँड-लायसन्स करार, म्हणजे मालकी हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारे करार, बहुधा ११ महिन्यांचे असतात, आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात टेम्पोंची आणि सामान हलवणाऱ्या हमालांची धांदल सुरू होते. वाण्याकडून मागून आणलेली खोकी, जुन्या साड्यांची गाठोडी, दोरीने आवळलेल्या गाद्या आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे जिन्याजिन्याने उतरतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे ज्याच्याजवळ फारसे सामान नाही त्याच्याविषयी म्हटले जाते, आणि विंचवाची मादी आपली नवजात पिले खरोखरच काही दिवस पाठीवर वाहते. माणसाचे बिऱ्हाड पाठीवर मावत नाही. ते टेम्पोत चढते, आणि त्याच्या सांधीकोपऱ्यांतून इतर कितीतरी बिऱ्हाडे भाडे न देता त्याच टेम्पोत चढतात. नव्या घरात कीड कोठून येते, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या टेम्पोत सापडते.

या सहप्रवाशांमध्ये सर्वांत मुरलेला प्रवासी म्हणजे स्वयंपाकघरातले लहान, फिकट तपकिरी झुरळ, ज्याच्या मानेमागच्या ढालीवर दोन काळपट उभे पट्टे असतात. शास्त्रज्ञ त्याला जर्मन झुरळ म्हणतात, कारण निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्ये त्याला तसे नाव दिले. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हे झुरळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून वेगळे झाले आणि व्यापारी व लष्करी हालचालींबरोबर पश्चिमेकडे गेले. नाव जर्मन असले तरी त्याचे कूळ या बाजूचे आहे. माणसांनी आजवर किती वेळा घरे बदलली, गावे सोडली, तांडे हाकले, त्याची एक अलिखित बखर या किड्याच्या वंशावळीत आहे. गटारात राहणारे मोठे, तांबूस अमेरिकन झुरळ आपली अंडपेटी एखाद्या आडोशाला चिकटवून निघून जाते, तर जर्मन झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची पेटी पिले बाहेर पडण्याच्या सुमारापर्यंत शरीराच्या टोकाशी धरून हिंडते. त्यामुळे अशी एकच मादी नव्या घरात पोहोचली तरी संसार थाटायला तेवढे पुरते.

ती पोहोचते कशातून, हे पाहण्यासाठी वाण्याकडचे एक खोके हातात घेऊन त्याची कड फाडून बघावी. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी घडीचा तिसरा कागद असतो आणि त्या घड्यांमुळे आरपार जाणाऱ्या अरुंद बोगद्यांची रांग तयार होते. पाठ आणि पोट दोन्हीकडून काहीतरी टेकलेले असावे अशी ज्या किड्याची आवड, त्याच्यासाठी याहून सोयीची जागा नाही. चिकटवलेला डिंक खायला आहे, गोदामातला दमटपणा आहे आणि अंधार आहे. दुसरी अशी जागा मिक्सरच्या बुडाखालची पोकळी, तिसरी फ्रिजच्या दाराचे रबर आणि फ्रिजमागची कॉम्प्रेसरची ऊब. घर आवरताना भांडी घासून-पुसून बांधली जातात, पण मिक्सर उलटा करून त्याच्या बुडाच्या जाळीतून कोण डोकावते आहे, हे पाहण्याची उसंत कोणाला नसते. जुन्या घरातला हा प्रवासी मग नव्या ओट्यावर, नव्या टाइल्सच्या चकाकीत, पहिल्याच रात्री पाण्याच्या शोधात निघतो, आणि घरमालकाने झुरळांचे घर दिले, असा बोल त्या घराला लागतो.

हा बोल नेहमीच अन्यायाचा असतो असेही नाही. काही महिने बंद असलेली सदनिका रिकामी दिसते, परंतु तिच्या न्हाणीघरात एक दरवाजा नकळत उघडा झालेला असतो. न्हाणीच्या जाळीखाली ‘नहाणी ट्रॅप’ नावाचा भाग बसवलेला असतो, ज्याच्या वाकात नेहमी थोडे पाणी साचून राहते आणि तेच पाणी सांडपाण्याच्या नळातली दुर्गंधी व किडे यांना वर येऊ देत नाही. घर वापरात असेपर्यंत हा पाण्याचा पडदा रोजच्या आंघोळीने आपोआप भरला जातो. घर बंद पडले की उन्हाळ्यात तो हळूहळू उडून जातो, आणि खालच्या ड्रेनेजपासून वरच्या खोल्यांपर्यंतची वाट मोकळी होते. म्हणून सामान येण्यापूर्वी काही दिवस प्रत्येक मोरीत बादलीभर पाणी ओतावे आणि घर पुन्हा बंद राहणार असेल तर त्यावर चमचाभर तेल सोडावे, म्हणजे पाणी उडण्याचा वेग मंदावतो, असे जाणकार प्लंबर सांगतात. वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी भिंतीला पाडलेले भोक, सिंकखालची मोकळी जागा, विजेच्या तारांची नळी आणि इमारतीचा डक्ट, म्हणजे सर्व मजल्यांचे नळ ज्यातून जातात तो उभा बोळ, ही त्याच वाटेची पुढची वळणे. घरातल्या लहान उंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. जुने गवंडी अशा बिळात काचेचे तुकडे घालून वर सिमेंट भरत, आणि उंदीर पोखरायला पुन्हा त्या ठिकाणी येत नसे.

ढेकणाची गोष्ट निराळी आहे, कारण त्याला ना खरकटे लागते ना मोरी. त्याला झोपलेला माणूस लागतो. तो नसेल तर ढेकूण वाट पाहतो. पूर्ण वाढलेला ढेकूण रक्ताच्या घोटाशिवाय काही महिने तग धरू शकतो, त्यामुळे आधीचे भाडेकरू जाऊन बराच काळ लोटला एवढ्याने खोली निर्धोक ठरत नाही, आणि स्वस्तात मिळालेला जुना पलंग किंवा सोफा हा त्याचा घरात शिरण्याचा राजमार्ग ठरतो. चाळींच्या काळात रविवारची सकाळ खाटा गच्चीवर आपटण्यात, सांध्यांत उकळते पाणी ओतण्यात आणि रॉकेलचा बोळा फिरवण्यात जाई. यांतल्या रॉकेलचा धोका उघड होता, पण उकळत्या पाण्यामागची समज पक्की होती, कारण साधारण ५० अंश सेल्सियसच्या उष्णतेत ढेकणाची अंडीही टिकत नाहीत. पुढे डीडीटी आले. त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये ओळखणारे पॉल म्युलर यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९५३ पासून राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात घराघरांच्या भिंतींवर त्याची फवारणी झाली. डासांसाठी मारलेल्या औषधाने ढेकूणही मरतात, याचे लोकांना कौतुक वाटले. मात्र जगाच्या इतर भागांत चाळीसच्या दशकाच्या अखेरीसच डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले होते, आणि भारतातही ते कौतुक टिकले नाही. औषध जुने झाले, उकळते पाणी झाले नाही.

महाराष्ट्राच्या स्मृतीत घर आणि कीड यांचा एक असा काळ आहे, ज्यात आजचा प्रश्न उलटा होता. आज घर बदलताना कीड टाळायची असते. तेव्हा कीड टाळण्यासाठी घर बदलावे लागे. १८९६ च्या सप्टेंबरात, गोव्यात जन्मलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले, आणि पुढची काही वर्षे ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द गाव रिकामे व्हायला पुरत. खेड्यांत लोक घरांना कुलपे लावून रानात, माळावर झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरल्यावर परतत. शास्त्राच्या आधी अनुभवाने शोधलेला हा उपाय अचूक होता, कारण उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू दुसरे ऊबदार शरीर शोधते. पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. शहरातून पळालेल्यांना मात्र हे ठाऊक नव्हते. त्यांनी गोधड्या आणि कपड्यांची गाठोडी बरोबर घेतली, आणि त्या घड्यांत दडलेल्या पिसवाही त्यांच्याबरोबर गेल्या.

सरकारी उपाय आले ते चुन्याची सफेदी, जंतुनाशकांचे फवारे आणि सक्तीच्या झडत्यांच्या रूपाने. अंधाऱ्या खोल्यांत ऊन पडावे म्हणून छपरांची कौले उतरवली गेली, आणि काही घरांच्या भिंतींवर ‘यूएचएच’, म्हणजे मनुष्यवस्तीस अयोग्य, अशी इंग्रजी आद्याक्षरे रंगवली गेली. पुण्यात या झडत्यांनी केलेल्या अपमानाचा संताप १८९७ मध्ये प्लेग अधिकाऱ्याच्या हत्येपर्यंत गेला. १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या संस्थेने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखली. मुंबईकर आज ज्या जुन्या, हवेशीर गल्ल्यांचे कौतुक करतो, त्यांतल्या काहींच्या आखणीमागे उंदराचे भय होते. कीड घरात शिरली तर गृहिणीच्या नीटनेटकेपणावर बोट ठेवण्याची सवय समाजाला आहे, पण खोलीला खिडकी नसणे, मोरी तुंबणे आणि दहा माणसांनी एका खोलीत झोपणे या गोष्टी गृहिणीच्या हातातल्या नव्हत्या, आणि आजही सगळ्यांच्या हातात नाहीत.

नव्या वास्तूत शिरताना आधीच्या रहिवाशांचा विचार करण्याची एक जुनी रीतही आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, मूर्तीसाठी वृक्ष तोडण्यापूर्वी त्या झाडावर वास करणाऱ्या भूतमात्रांना नमस्कार करून, बली अर्पण करून, त्यांनी आपला मुक्काम अन्यत्र हलवावा आणि क्षमा करावी, अशी विनंती करण्याचा विधी सांगितला आहे. वास्तुशांतीतल्या बलिदानामागे, म्हणजे वास्तुमंडलातल्या देवतांना अन्नाचा वाटा देण्यामागे, जागा कोणाची तरी आहे ही जाणीव दिसते. धर्मशास्त्राने तर गृहस्थाच्या घरात पाच ‘सूना’, म्हणजे नकळत जीवहत्या घडणारी ठिकाणे, मोजून ठेवली: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा माठ. त्या दोषाच्या निवारणासाठी पंचमहायज्ञ सांगितले, आणि त्यांतल्या भूतयज्ञात मुंगी-किड्यांसाठीही अन्नाचा घास जमिनीवर ठेवायचा. केरसुणी हातात घेणाऱ्याच्या मनात ही गणती रोज असेल असे नाही. परंतु घर चालवणे म्हणजे लहान जिवांशी रोजचा झगडा, हे ज्यांनी लिहून ठेवले त्यांनी तो झगडा झाकून ठेवला नाही.

जुन्या घराचे संरक्षण बरेचसे न ठरवता घडत असे. चुलीचा धूर आढ्यापर्यंत चढून वाशांवर काजळीचा थर बसवी आणि त्या धुरकट लाकडाकडे वाळवी व भुंगेरे सहसा फिरकत नसत. सागवानाच्या गाभ्यात किडीला नकोशी द्रव्ये मुळातच असतात. सारवलेल्या जमिनीवर मुंग्यांची नवी रांग लगेच नजरेस येई. कडधान्याला राख चोळली जाई, तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात लागे, कणगीत कडुनिंबाचा पाला पडे, पोथ्यांच्या रुमालात वेखंडाचे तुकडे असत. चूल गेली, धूर गेला, आणि घरातल्या बाईच्या डोळ्यांचे व फुफ्फुसांचे त्यामुळे भलेच झाले. पण सागवानाच्या जागी आलेल्या प्लायवूडला धुराचे कवच राहिले नाही. बांधकाम करताना पायाच्या मातीवर वाळवीरोधक रसायनाचा संस्कार करण्याची पद्धत भारतीय मानक ६३१३ मध्ये नोंदलेली आहे. घर घेणारा मात्र टाइल्सचा रंग विचारतो, नळाची कंपनी विचारतो, आणि हा संस्कार झाला होता का, हे विचारायचे राहून जाते.

सामान बांधताना लाकूड, कागद आणि धान्य या तिन्हींकडे थांबून पाहावे लागते. वाळवी हा झुरळांच्याच गणातला कीटक आहे, मुंग्यांच्या नव्हे. ती भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या बांधत येते, तर कपाटाखाली पिठासारखी बारीक पूड गळत असेल तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे काम असते, आणि तो कपाटाच्या पोटात बसूनच नव्या घरी जातो. पुस्तकांतली कसर, म्हणजे चंदेरी, बिनपंखी, सरपटत पळणारा किडा, खळ आणि डिंकावर जगते व दमट जागेत काही वर्षे टिकते; वीस वर्षांचे दिवाळी अंक ज्या ओढीने जपले जातात, त्याच ओढीने ती त्यांच्या बांधणीला धरून राहते. धान्यातल्या सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक लिंपून टाकते, म्हणून वरवर स्वच्छ दिसणारा गहू महिन्याभरात पोकळ निघतो. या साऱ्यांवर उतारा एकच, आणि तो अवघड आहे: नवे घर मांडण्यापूर्वी जुन्यातले काय मागे ठेवायचे ते ठरवणे. पुस्तके उन्हाला दाखवून, एकेक झटकून बांधता येतात. वर्षभर न उघडलेला धान्याचा डबा आणि माळ्यावरचे खोके मात्र न उघडताच टेम्पोत जातात, कारण ते उघडले तर टाकावे लागतील, ही भीती असते.

औषधाकडे वळायची वेळ येते तेव्हा तारतम्य लागते. शेवंतीच्या जवळच्या एका फुलझाडापासून मिळणाऱ्या पायरेथ्रमच्या धर्तीवर बनवलेली रसायने खडूत, फवाऱ्यात आणि डासांच्या वड्यांत सर्वत्र आहेत, आणि त्यांना दाद न देणाऱ्या किड्यांच्या पिढ्याही सर्वत्र आहेत. झुरळांसाठी बिजागरीजवळ ठेवला जाणारा जेलचा ठिपका, म्हणजे विष मिसळलेले गोड आमिष, फवाऱ्यापेक्षा नेमका असतो, कारण ते खाऊन मेलेल्या झुरळाची विष्ठा आणि शव इतर झुरळे खातात व तीही मरतात. तरीही नव्वदच्या दशकात अमेरिकेत ग्लुकोजच टाळणारी जर्मन झुरळे आढळली, आणि त्यांना ग्लुकोज कडू लागते, हे २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवले. धान्यातल्या किड्यांसाठी किंवा ढेकणांसाठी घरात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवणे हा तर जिवाशी खेळ आहे. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो, तो भिंती-डक्टमधून शेजाऱ्याकडे जातो, आणि त्याने माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. कायद्यानेही या गोळ्या प्रशिक्षित व्यावसायिकांखेरीज कोणी वापरायच्या नसतात.

आणि सगळ्यांनाच हाकलायचे असते असे नाही. पंचांगात पल्लीपतनाची, म्हणजे अंगावर पाल पडण्याची, शुभाशुभ फळे दिलेली असतात आणि पालीला घाबरून लोक भिंतीवर मोरपीस लावतात. पण ट्यूबलाइटमागे बसलेली पाल रात्रभर डास आणि लहान झुरळे टिपते, आणि घरात पाली वाढल्या असतील तर त्यांचे खाद्य वाढले आहे, एवढेच त्यातून कळते. देवघराच्या कोपऱ्यातली मुंग्यांची रांग नैवेद्याची साखर संपल्यावर आपली वाट बदलते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती घिरट्या घालून पंख गाळणारे किडे घरातूनच, चौकटीच्या आतून, बाहेर येत असतील तर ते वाळवीचे आहेत, हे लक्षात घ्यावे; बाहेरून आलेले असतील तर दिवा मालवला की पुरे. कोणाला राहू द्यायचे आणि कोणाला नाही, हे ओळखायला थोडे निरीक्षण लागते, आणि त्यासाठी नव्या घरातला पहिला पावसाळा हा चांगला काळ असतो.

नव्या घराच्या यादीत पेस्ट कंट्रोलचा फोन नंबर बहुधा वरच्या ओळीवर असतो. त्याच्याही वर तीन कामे लिहावीत. रिकाम्या घरात गवंडी बोलावून डक्टकडची, सिंकखालची आणि नळीभोवतीची भोके बुजवून घ्यावीत; प्लंबरकडून गळणारा प्रत्येक नळ आणि प्रत्येक मोरीचा ट्रॅप तपासून घ्यावा; आणि वाण्याकडची खोकी रिकामी झाल्याच्या दिवशीच, घरात रात्र न काढू देता, भंगारात द्यावीत. ही तीन कामे झाली की फवाऱ्यासाठी उरणारे काम फार थोडे असते.